पाखाडी उतरून समुद्रावर



एरवी आम्ही इथे येतो त्या कर्जाच्या हप्त्याबद्दल, आंबापोळीच्या पॅकिंगबद्दल, नाहीतर पाहुण्यांच्या खोल्या नि जेवणाबद्दल बोलायला. आजचा विषय समुद्राचाच आहे, पण पर्यटकांचा नाही. आपल्याच घरातल्या माणसांचा आहे.

सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर काय गर्दी असते ते तुम्ही बघताच. पुणे, कोल्हापूर, सांगलीहून माणसं येतात, होडीत बसतात, लाटांत उड्या मारतात, किंचाळतात, हसतात. त्यांच्यासाठी मोदक आम्ही वळतो, भाकऱ्या आम्ही थापतो. आणि आपल्याच वाडीत, समुद्राची गाज रात्रंदिवस ऐकू येते अशा घरांत, पडवीत बसून राहिलेली माणसं आहेत. कुणाला लहानपणी पोलिओ झाला, कुणाचा पाय साखरेच्या आजारात गेला, कुणी काढणीच्या दिवसांत आंब्यावरून पडला आणि कंबरेखालचं अंग गेलं. घरापासून पुळण हाकेच्या अंतरावर. मध्ये चिऱ्याची पाखाडी. कितीतरी वर्षं ही माणसं पाण्यापर्यंत गेलेली नाहीत.

आमच्या गटात एक ताई आहेत. वय चाळीसच्या पुढे, एका पायाला कॅलिपर. कोकम आणि आंबापोळी यांचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाचाच नसतो. एका मासिक सभेत सगळ्यांनी आपापल्या गरजा सांगायच्या होत्या. कुणी शिलाई मशीन म्हटलं, कुणी फ्रीज. या ताई म्हणाल्या, "मला होडीतून लांब जायचंय. जिथून गाव छोटं दिसतं तिथपर्यंत." आधी सगळ्या हसलो. त्या हसत नव्हत्या. मग आम्हीही गप्प झालो.

दिव्यांग माणसासाठी काय करायचं असं विचारलं की आपल्याला तीनच गोष्टी सुचतात. पेन्शन, सायकल आणि शिलाई मशीन. तिन्ही हवीतच. पेन्शनसाठी खेटे घालून घालून आमच्या चपला झिजल्यात, तेव्हा त्याचं मोल आम्हाला शिकवू नका. पण मोठ्या माणसाला पोटापलीकडेही काही हवं असतं. थोडा वारा, थोडी धडधड, थोडं भिजणं. आपण धडधाकट माणसं शिमग्यात पालखी नाचवतो, पावसात वहाळात उतरतो, रात्री कुर्ल्या पकडायला जातो. तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय.

आणि ही आमची नुसती हौस नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्याच्या २९व्या कलमात संस्कृती आणि मनोरंजन यांबद्दल सांगताना मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम असा स्पष्ट उल्लेख आहे. ३०वं कलम खेळांचं आहे. म्हणजे दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांनाही सुचलं की या माणसांना साहस करायचं असेल. आपल्या वाडीत मात्र ते सुचायला एका ताईंना सभेत सांगावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या शहरातल्या लोकांचे चोचले. तर ऐका.

मुरलीकांत पेटकर हे नाव 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. माणूस सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या लढाईत गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचं अंग लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. पाण्यात शरीराचं वजन पायांवर येत नाही, हातांच्या जोरावर माणूस पुढे जातो, हे त्यांना तिथे उमगलं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिक झालं, तिथे त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, वेळ ३७.३३ सेकंद. वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिम्पिक खेळाडू. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांत आपल्यापैकी किती जणींनी त्यांचं नाव ऐकलं होतं?

बाईचं उदाहरण हवं असेल तर दीपा मलिक. दोन मुलींची आई, सैनिकाची बायको. १९९९ साली मणक्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालचं अंग गेलं. त्यानंतर त्या पोहायला लागल्या, यमुना नदीत प्रवाहाविरुद्ध पोहल्या, बदल करून घेतलेली मोटरसायकल चालवली. २०१६ला रिओमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं तेव्हा वय होतं पंचेचाळीस. आपल्याकडे पंचेचाळीसच्या धडधाकट बाईलाही म्हणतात, आता देवदेव कर.

पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने गेली. २०१४ मध्ये त्यांनी एकट्याने पॅराग्लायडिंग केलं, असं करणारे ते भारतातले पहिले अंध. त्यांनी पुण्यात ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन नावाची संस्था काढली. आम्हाला तिची एक गोष्ट फार पटली. तिथे दिव्यांगांची वेगळी सहल नसते. डोळस आणि अंध, चालणारे आणि न चालणारे एकत्र जातात. जोडसायकलवर पुढे डोळस, मागे अंध, आणि पायडल दोघांनी मारायचं. एक दुसऱ्यावर उपकार करतोय असं काही उरतच नाही.

आणि २०२१च्या सप्टेंबरात तर आठ दिव्यांग माणसं सियाचीन हिमनदीवरच्या कुमार पोस्टपर्यंत जाऊन आली, पंधरा हजार फुटांच्याही वर. आपल्याला सियाचीन नको. आपल्याला गायवाडीचा किनारा पुरे.

पण या सगळ्या गोष्टींत एक धोकाही आहे, तो सांगून टाकतो. अशा मोठ्या नावांमुळे घरातल्या माणसावर उलटा दबाव येतो. "बघ, तो एव्हरेस्ट चढला, तू नुसता बसून." असं कुणालाही म्हणू नका. पेटकर पदकासाठी पोहले. आमच्या ताईंना पदक नको, त्यांना होडीतून गाव बघायचंय. कुणाला नुसतं ओल्या वाळूत बसून पायांवरून लाट जाऊ द्यायची असेल, तर तेवढंही पुरे. साहस किती मोठं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आम्ही पहिल्यांदा एका जलक्रीडावाल्याकडे विचारायला गेलो. नाव घेत नाही. त्याने कॅलिपर बघितला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "यांना नको, जबाबदारी कोण घेणार?" ताई समोर उभ्या होत्या, पण प्रश्न आम्हाला. हे सगळीकडे होतं. दवाखान्यात, एसटीत, बँकेत. माणूस समोर असतो आणि आपण त्याच्या शेजारच्याशी बोलतो.

मग एकीला जयगडची फेरीबोट आठवली. जयगडहून खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातल्या तवसाळला जाते ती. तिच्यात मोटारी, रिक्षा, टेम्पो चढतात, म्हणजे तिला पायरी नाही, उतरती फळी आहे. जिथे रिक्षा चढते तिथे चाकाची खुर्ची चढणारच! आम्ही मार्गशीर्षात तिघांना घेऊन गेलो. या ताई, आंब्यावरून पडलेले आमच्या वाडीतले एक दादा, आणि साखरेमुळे पाय गेलेल्या एक आजी. दादांची खुर्ची दोघांनी मागून धरून उलटी चढवली. उतारावर खुर्ची नेहमी उलटी न्यायची, म्हणजे बसलेला माणूस पुढे तोंडावर जात नाही. शास्त्री नदीचं ते मुख, एका बाजूला जयगडचा किल्ला, समोर उघडा समुद्र. आजींनी सगळा वेळ कठडा घट्ट धरला होता आणि तवसाळला लागल्यावर म्हणाल्या, "एवढ्यात आलं? परत फिरवा."

दादा मात्र काहीच बोलले नाहीत. ज्या माणसाची वीस वर्षं झाडाच्या शेंड्यावर गेली, डोक्यावर घळ तोलत आंबा उतरवण्यात गेली, त्याला गेली सहा वर्षं आपण उंबऱ्यावरून हलू देत नव्हतो. तो रोज जीव धोक्यात घालत होता तेव्हा त्याला आपण कामसू म्हणत होतो. आता त्याला होडीत बसायचंय तर आपण हट्टी म्हणतो. परत येताना त्यांनी एवढंच विचारलं की पाण्यात कधी जायचं.

पाण्याची गोष्ट फेरीबोटीसारखी सोपी नाही. तिथे नीट तयारी लागते, म्हणून आम्ही कसं करतो ते जरा सविस्तर सांगतो.

दिवस आधी पंचांगात बघायचा. अमावास्या, पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस सोडायचे. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची चढउतार कमी असते, ते दिवस आपले. आपल्या खारवी लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास कळतो. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. साडेतीन-चारला पाणी भरत असतं, ओढ बाहेरची नसते, ऊनही उतरलेलं असतं. हा झाला ढोबळ हिशेब. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आपल्या या पट्ट्यात पाणी फसवं आहे, पट्टीचे पोहणारेही बुडालेत. आणि पावसाळ्यात नावच काढायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते, आणि समुद्र शांत व्हायला नारळी पौर्णिमेनंतरही वेळ लागतो.

मग पुळण. गणपतीपुळ्याच्या नावातच पुळण आहे आणि चाकाची पहिली वैरीण तीच. कोरड्या वाळूत खुर्ची रुतते, ओल्या घट्ट वाळूत चालते. म्हणजे प्रश्न फक्त सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंतचा. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२च्या नोव्हेंबरात यासाठीच लाकडी वाट बांधली, २६३ मीटरची. दोन आठवड्यांत वादळ आलं आणि तिचं नुकसान झालं, मग ती पुन्हा नीट केली. आम्ही एवढं कुठलं करणार. आमच्याकडे आहेत सेंट्रिंगच्या फळ्या. आठ फळ्या टाकायच्या, खुर्ची पुढे गेली की मागच्या उचलून पुढे टाकायच्या. पाणी भरत असतं म्हणून फळ्यांवर एकीने लक्ष ठेवायचं, नाहीतर त्या तरंगत भंडारपुळ्याला. घरी आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुवायची आणि चाकांना तेल द्यायचं, खाऱ्या पाण्याने लोखंड आठवड्यात गंजतं.

मणक्याला इजा झालेल्या माणसाला कंबरेखाली काही जाणवत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. कालवांवर पाय खरचटला तर त्याला कळत नाही, तापलेल्या वाळूने कातडी भाजली तरी कळत नाही, आणि ती जखम भरायला महिने जातात. म्हणून पायांत जाड मोजे, खाली चादर, खडकांच्या बाजूला अजिबात नाही. होडीच्या फळीवर उशी, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. इजा वरच्या बाजूला, छातीच्या आसपास किंवा मानेत असेल तर घाम नीट येत नाही, अंग चटकन तापतं. अशा माणसाचं अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्यावर घाम फुटला, तर त्याला आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवीची नळी दुमडलीय का, पिशवी भरलीय का ते बघायचं आणि लगेच १०८ला फोन करायचा. आणि मुळात डॉक्टरांना विचारून यायचं, अंगावर कुठेही जखम असेल तर खाऱ्या पाण्याचं दुसऱ्या वेळी बघू.

लाइफ जॅकेट सगळ्यांनाच, आमच्यासकट. पण एक लक्षात ठेवा. पायांत ताकद नसली की पाण्यात पाय आपोआप वर येतात आणि माणूस पालथा होऊ शकतो. म्हणून मांड्यांमधून पट्टा असलेलं, मान वर धरणारं जॅकेट बघायचं, आणि कमरेइतक्या पाण्यात दोघांनी धरून आधी तरंगून बघायचं. कॅलिपर आणि कृत्रिम पाय काठावर काढून, प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत. ते कुणाकडे ठेवायचे हे ज्याचं त्याला विचारायचं. कारण पाय काढून दिला की माणूस परत येईपर्यंत दुसऱ्याच्या हातात असतो.

आता बायांचं, जे सभेत कुणी मोठ्याने बोलत नाही. उचलायचं कुणी? गावातले तरुण तयार असतात, पोरं चांगली आहेत, पालखी खांद्यावर घेऊन पाखाडी चढणाऱ्या पोरांना एक खुर्ची काय जड. पण देवाला विचारलं नाही तरी चालतं, बाईला विचारावं लागतं. कुणी धरायचं, कुठे धरायचं, हे आधी तिने सांगायचं. आमच्यातल्या चौघी आता खुर्चीवरून होडीत नेणं शिकल्यात. एकीने मागून काखेखालून हात घालायचे, एकीने गुडघ्यांखाली, आणि "एक दोन तीन" बसलेलीने म्हणायचं. ती म्हणेपर्यंत कुणी उचलायचं नाही. साडी नको, सलवार किंवा पॅन्ट. कपडे बदलायला चार काठ्या आणि चादरींचा आडोसा करायचा. लघवीची सोय आधी बघून ठेवायची. बाई दिवसभर पाणी न पिता राहते ती या एका कारणाने, आणि तसं राहिलं तर लघवीचा त्रास आणखी वाढतो.

फोटो विचारल्याशिवाय नाहीत. याबद्दल आम्ही कडक आहोत. एकदा एका पाहुण्याने आजींचा फोटो काढून खाली मोठा संदेश लिहून सगळीकडे पाठवला. आजी म्हणाल्या, "मी समुद्र बघायला गेलेवते, तो मला बघायला आलावता."

घरच्यांचा प्रश्न असतो, "काही झालं तर?" हा प्रश्न खोटा नाही. आई विचारते, भाऊ विचारतो, रात्रंदिवस करणारी बायको विचारते, तिला तर विचारायचा पूर्ण हक्क आहे, कारण काही झालं तर पुढचं सगळं तिनेच करायचंय. तिच्याशी बसून बोलावं लागतं, कुठे नेतो, कोण असणार, किती वेळ, हे सगळं सांगावं लागतं. तिलाही सोबत न्यावं, आणि त्या दोन तासांत तिच्याकडे कुठलंही काम द्यायचं नाही. पण शेवटचा होकार-नकार ज्याचा त्याचा. एका घरी भावाने नाही म्हटलं आणि पन्नाशीच्या बहिणीने मान खाली घातली. आम्ही परत आलो, पण आमच्या मते ते बरोबर झालं नाही. पन्नाशीच्या धडधाकट बहिणीला भावाने असं अडवलं असतं का? कदाचित तिलाही अडवलं असतं, ती आणखी वेगळी गोष्ट.

पैशांचं म्हणाल तर फार लागत नाहीत. डिझेल, जॅकेटं, चहा-नाश्ता. पण दरवेळी वर्गणी काढून हे टिकणार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो सरळ वाटून टाकतात, हातात काही रुपये येतात आणि संपतात. ग्रामसभेत दिव्यांग माणसांनी स्वतः येऊन मागावं की या वर्षी यातून किनाऱ्यापर्यंत एक उतार आणि एक धड संडास द्या. ग्रामसभाच पायऱ्या चढून वर भरत असेल, तर ती आधी खाली अंगणात घ्यायला लावा. उतार झाला तर म्हाताऱ्या पाहुण्यांनाही होईल, पोरांच्या बाबागाडीलाही होईल, आणि आपल्या खोल्यांना गिऱ्हाईकही वाढेल. आम्ही धंदा करणाऱ्या बाया आहोत, हे आमच्या ध्यानात असतंच.

रत्नागिरीत रत्नागिरी हँडिकॅप्स पॅराप्लेजिक फाउंडेशन मणक्याला इजा झालेल्या लोकांसाठी काम करते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी तिथेही जाऊन बोलावं, त्यातून गेलेल्या माणसाइतकं नीट दुसरं कुणी सांगत नाही.

ताईंच्या होडीचं काय झालं ते राहिलंच. वरवड्याच्या एका नाखव्याने नेलं. त्याने आमच्याकडे बघितलंच नाही, ताईंना विचारलं, "कुठे बसणार, पुढे की मागे?" ताई म्हणाल्या पुढे. पुढे जास्त पाणी उडतं हे त्याने सांगितलं, त्या म्हणाल्या माहीत आहे. गाव छोटं दिसेपर्यंत तो घेऊन गेला.

तर येत्या वद्य अष्टमीला, दुपारी साडेतीन वाजता, गायवाडीच्या सुरूच्या बनाजवळ आम्ही असू. ज्यांना यायचंय त्यांनी आदल्या रविवारपर्यंत आपल्या वाडीतल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्यावं, स्वतः द्यावं, घरच्यांनी नव्हे. येताना डॉक्टरांचा सल्ला, चालू गोळ्या, जाड मोजे आणि एक जुनी चादर आणावी. फळ्या अजून चार लागतील. कुणाच्या घराचं काम संपलं असेल तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.